पसाभर समाधान, आणि माप कोणाच्या हातात?

‘माणसानं समाधान मानावं’ हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा वरून खाली येतं. मालक गड्याला सांगतो, संस्थाचालक पगार थकलेल्या शिक्षकाला सांगतो, सासू सुनेला सांगते, चर्चच्या व्यासपीठावरचा पाळक मंडळीला सांगतो. ‘साहेब, यंदाच्या नफ्यावर समाधान माना’ असं कामगारानं मालकाला सुनावल्याचं सहसा ऐकू येत नाही. बायबलवर एक जुना आरोप आहे, की या उलाढालीत त्याचा हात आहे: गरिबानं गप्प बसावं म्हणून हा ग्रंथ समाधानाची गोळी देतो. आरोप पूर्ण खोटा नाही. पण समाधानाच्या वचनांची आजूबाजूची ओळ न् ओळ वाचली, तर ही गोळी भलत्याच माणसाच्या तोंडात घातली गेली आहे असं दिसतं.

जुन्या करारातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकापासूनच सुरुवात करू, कारण वैतागाचं इतकं उघड पुस्तक बायबलमध्ये दुसरं नाही. ‘व्यर्थ’ हा त्याचा पालुपदासारखा शब्द. मूळ हिब्रू शब्द ‘हेवेल’ आणि तो या छोट्या पुस्तकात 38 वेळा येतो. हेवेल म्हणजे श्वास, वाफ. थंडीच्या सकाळी तोंडातून निघते तशी. मराठीतला ‘व्यर्थ’ निकाल देऊन मोकळा होतो: काही उपयोग नाही, सोडून द्या. वाफ तसं म्हणत नाही. वाफ खरी असते, दिसते, हाताला ऊबही लागते. फक्त मुठीत धरता येत नाही. उपदेशकाची तक्रार कामाबद्दल नाही, धरून ठेवण्याच्या धडपडीबद्दल आहे. म्हणूनच तो पुढे हातांच्या भाषेत बोलतो.

चौथ्या अध्यायातल्या लागोपाठच्या तीन ओळी पाहा. चौथी ओळ म्हणते, माणसांचे सगळे कष्ट आणि सगळं कसब शेजाऱ्याच्या हेव्यातून येतं. पाचवी म्हणते, मूर्ख हात जोडून बसतो आणि स्वतःचंच मांस खातो. सहावी म्हणते, दोन्ही हात भरून कष्ट आणि वाऱ्यामागची धाव, यापेक्षा एक हात भरून शांती बरी. या ओळीत ‘कफ’ म्हणजे एक तळहात आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांची जोडी, असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे पसा वेगळा, ओंजळ वेगळी. तांदूळ पसाभर घेतले तर दुसरा हात मोकळा राहतो: दार उघडायला, पोराला धरायला, कोणाला काही द्यायला. ओंजळ भरली की माणूस अडकला. नाकावर माशी बसली तरी हाकलता येत नाही.

मधली पाचवी ओळ गाळून सहावी वाचली की ‘समाधानी राहा’ याचा अर्थ ‘हातपाय हलवू नका’ असा होतो, आणि बहुतेक प्रवचनांत तसाच होतो. उपदेशकाला रिकामे हात मान्य नाहीत. पसा भरलेला हवा.

आणि याच अध्यायाची पहिली ओळ? गांजलेल्यांचे अश्रू, त्यांचं सांत्वन करणारं कोणी नाही, आणि जुलूम करणाऱ्यांच्या हाती सत्ता. समाधानाचा धडा इथून सुरू होतो. पाचव्या अध्यायातही ‘पैशावर प्रेम करणारा पैशानं तृप्त होत नाही’ या ओळीच्या जरा आधी तो सांगतो, की प्रांतात गरिबावर जुलूम दिसला तर चकित होऊ नका, कारण अधिकाऱ्यावर अधिकारी आणि त्याच्यावर आणखी अधिकारी बसलेला असतो. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी दिवस काढलेल्या माणसाला या ओळीवर भाष्य नको. सांगायचं इतकंच, की समाधानाचा सल्ला देणारा हा माणूस अन्यायाकडे पाठ करून बसलेला नव्हता. जुलमाला त्यानं जुलूमच म्हटलं, नशीब म्हटलं नाही.

हेव्याची गोष्ट येशूनं एका दाखल्यात इतकी नेमकी पकडली आहे की ती मजूर नाक्यावर उभी राहून सांगितल्यासारखी वाटते (मत्तय 20). द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर येतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो आणि माणसं नेतो. दिनार म्हणजे त्या काळी एका दिवसाची मजुरी. मग तो नवाच्या सुमारास येतो, दुपारी बाराला, तीनला आणि अगदी शेवटी पाचला येतो. पाचला उभे असलेले आळशी नव्हते. ‘दिवसभर रिकामे का उभे?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर एवढंच आहे: आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. संध्याकाळी मालक शेवटच्यांपासून वाटप सुरू करतो आणि सगळ्यांना एकेक दिनार देतो. पहाटेच्या मजुरांचा वैताग नेमका कधी सुरू झाला? ठरलेला दिनार हातात पडल्यावर नाही, शेजाऱ्याच्या हातातला दिनार दिसल्यावर. सकाळी सहाला ज्या रकमेवर ते खूश होते, तीच रक्कम संध्याकाळी सहाला अपमान वाटायला लागली. रक्कम बदलली नव्हती, बघण्याची जागा बदलली होती.

आता कोणी म्हणेल, मग समान कामाला समान दाम या मागणीचं काय? प्रश्न रास्त आहे. पण दाखल्यात कोणाचंही दाम कापलेलं नाही. ठरलेलं पूर्ण दिलं, त्याच दिवशी दिलं, आणि वरची उदारता मालकानं स्वतःच्या खिशातून केली. कमी देणाऱ्या मालकाला हा दाखला ढाल म्हणून वापरता येत नाही. त्याच दिवशी दिलं, हेही महत्त्वाचं. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (24:15) आज्ञाच आहे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर टांगलेला आहे. दिली नाही तर तो देवाकडे गाऱ्हाणं करील आणि दोष तुमच्या माथी येईल. आपल्या 2019च्या वेतन संहितेतही रोजंदारीवरच्या माणसाला पाळी संपतानाच वेतन देण्याची तरतूद आहे. ‘शनिवारी बघू’ म्हणणारा ठेकेदार दोन्हीकडे गुन्हेगार ठरतो. आणि अनुवादातल्या त्या मजुराला देव ‘शनिवारपर्यंत समाधानी राहा’ असं सांगत नाही. गाऱ्हाणं ऐकतो.

गाऱ्हाण्याचा हा मुद्दा जास्त खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे, कारण समाधान म्हणजे कुरकुर न करणं, अशी एक सोपी समजूत मंडळ्यांमध्ये मुरलेली आहे. मिसरच्या गुलामीतून सुटून वाळवंटातून चाललेल्या इस्राएल लोकांच्या दोन कुरकुरी शेजारी ठेवून पाहा.

पहिली, निर्गम 16. मिसरातून बाहेर पडून महिना-दीड महिना झालेला, पोटात भूक. लोक म्हणतात, मिसरात मांसाच्या हंड्यांपाशी बसून पोटभर जेवत होतो, तिथंच मेलो असतो तर बरं झालं असतं. बोलणं कृतघ्न आहे, अतिशयोक्त आहे. उत्तर काय मिळतं? संध्याकाळी लावे पक्षी, सकाळी मान्ना, म्हणजे आकाशातून आलेली भाकर. ओरडा नाही, जेवण. सोबत मापाचा नियम: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. कोणी जास्त गोळा केलं, कोणी कमी. मापून पाहिलं तेव्हा जास्तवाल्याकडे उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. काहींनी उद्यासाठी चोरून ठेवलं, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट, दोन ओमर, घ्यायची मुभा होती आणि ते दुसऱ्या दिवशी चांगलं राहिलं, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. साठवण वाईट म्हणून मान्ना सडला नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. विश्रांतीसाठी ठेवलेलं टिकलं, भीतीपोटी दडवलेलं सडलं.

दुसरी कुरकुर, गणना 11. आता मान्ना रोज मिळतोय. पोट भरलेलं आहे आणि आठवण कशाची येते? मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. (कांद्या-लसणासाठी रडणारी माणसं मराठी वाचकाला परकी वाटू नयेत.) पुन्हा लावे येतात. लोक तो सगळा दिवस, ती सगळी रात्र आणि दुसरा सगळा दिवस गोळा करत राहतात, आणि सगळ्यात कमी गोळा करणाऱ्याकडे दहा होमर भरतात. हिशेब करून पाहा: एका होमरचे दहा एफा, एका एफाचे दहा ओमर. दहा होमर म्हणजे हजार ओमर. ज्या माणसाला रोज एक ओमर पुरत होता, त्यानं दोन दिवसांत हजार ओमर ढीग घातला, तोही वाळवंटातल्या उन्हात टिकणार नाही अशा मांसाचा. इथं मात्र मरी येते, आणि त्या जागेला नाव पडतं ‘हावेची थडगी’.

कुरकुर दोन्हीकडे आहे. पहिली भुकेची होती, तिला अन्न मिळालं. दुसरी हावेची होती, तिला शिक्षा मिळाली. ज्याला हा फरक करता येत नाही, त्यानं समाधानावर बोलू नये हे बरं. भुकेल्याला गणना 11 वाचून दाखवणं हा बायबलचा सगळ्यात प्रचलित गैरवापर आहे. येशूचा प्रेषित पौल यानं मान्नाची गोष्ट उलट बाजूनं वापरली: करिंथच्या सुस्थितीतल्या मंडळीकडे यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना तो ‘जास्तवाल्याकडे उरलं नाही, कमीवाल्याला कमी पडलं नाही’ हीच ओळ पुढे करतो आणि तिथं ‘समानता’ हा शब्द वापरतो (2 करिंथ 8:14-15). समाधानाचा तगादा त्यानं देणाऱ्याकडे लावला.

बाप्तिस्मा करणारा योहानही तेच करतो. शिपाई त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो सांगतो: दमदाटी करून कोणाला लुबाडू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना (लूक 3:14). समाधान इथं कोणाला सांगितलंय? ज्याच्या कमरेला तलवार आहे त्याला. त्याच्या आधीच्या ओळीत जकातदारांना सांगितलंय, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. आपल्या भाषेत, ही चिरीमिरी बंद करण्याची सूचना आहे.

आता आरोपाची खरी बाजू. ‘चित्तसमाधानासह भक्ती हा मोठाच लाभ’ ही तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली ओळ (6:6) फार लाडकी आहे. त्याच अध्यायाच्या पहिल्या दोन ओळींत दासांनी धन्यांचा मान ठेवावा असं आहे. ती वचनं गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांनी वापरली, पिढ्यान्‌पिढ्या वापरली, आणि त्यांना ती वापरता आली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांना संपूर्ण बायबल परवडलं नाही. 1807 साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे ‘निवडक भाग’ छापले गेले. त्यात निर्गमाची सुरुवात 19व्या अध्यायापासून आहे. म्हणजे मिसरातून सुटका गायब, आणि सोबत सोळाव्या अध्यायातलं मान्नाचं मापही गायब. गुलामाला समाधान शिकवण्यासाठी ज्यांना इतकी पानं कापावी लागली, त्यांनीच पुस्तकाची साक्ष आपल्याविरुद्ध नोंदवून ठेवली असं मला वाटतं.

मराठीत याच्या उलटं उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्याच रमाबाई 1896च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. मुक्ती सदनात त्या मुलींना शेती, विणकाम, छापखान्याचं काम शिकवलं गेलं. ग्रंथ त्यांना अक्षरशः शब्दाशब्दानं माहीत होता, आणि त्यातून त्यांना ‘आहे त्यात राहा’ असा अर्थ लागला नाही.

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या ओळीचंही आपण असंच केलं आहे. जिथं तिथं सुविचारासारखी वापरली. ज्या तुकोबांची म्हणून ती सांगतात, त्यांनी स्वतःच्या घरच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची परंपरा सांगणारा मात्र क्वचित भेटतो. समाधान आधी सावकाराच्या बाजूनं झालं होतं.

बायबलमधल्या ईयोबाबद्दल थोडक्यात, ज्याचं सगळं काही एकाएकी गेलं. त्याचे मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात, आणि हेच त्यांचं सगळ्यात चांगलं काम. मग बोलायला लागतात: काहीतरी चुकलं असेल, मान्य कर, शरण जा. ईयोब अध्यायामागून अध्याय भांडतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत (42:7). दुःखात असलेल्याला समाधान शिकवायला निघण्यापूर्वी ही ओळ वाचून जावी.

मग स्वतःपुरतं समाधान शिकायचं कसं? कारण ते शिकायचं असतं यात शंका नाही. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाकडे मागतो: दारिद्र्यही नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे, फार भरलो तर तुला विसरेन, कंगाल झालो तर चोरी करीन. ही प्रार्थना घरखर्चाच्या वहीत उतरवता येते, आणि तिथंच ती खरी कळते. तिला दोन रेघा आहेत, खालची आणि वरची. समजा घरात महिन्याला 60,000 रुपये येतात. भाडं, किराणा, शाळा, औषधं, येणंजाणं, विम्याचा हप्ता धरून 42,000 लागतात. ही खालची रेघ. वरची रेघ 45,000 ठरवा: यापलीकडे राहणीमान वाढवायचं नाही. बायबलमधल्या योसेफानं मिसरच्या राजाला सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला सांगितला होता. 60,000 चा पाचवा हिस्सा 12,000, तो अडीअडचणीला. राहिलेले 3,000 दुसऱ्याचे. उद्या पगार 66,000 झाला, तर साठवण 13,200 होईल, वरची रेघ 45,000 वरच राहील, आणि दुसऱ्याचा वाटा 7,800 वर जाईल. पगारवाढीनं फुगायचं ते हे शेवटचं खातं.

चुकतं कुठं, तर वरची रेघ आखण्याच्या वेळेत. वाढ हातात पडल्यावर आखली की ती नेहमी वर सरकते, कारण तोवर समोरच्या फ्लॅटमध्ये नवी गाडी आलेली असते आणि उपदेशकाची चौथी ओळ कामाला लागलेली असते. रेघ वाढ मिळण्याआधी आखावी, घरातल्या दोघांनी मिळून आखावी, आणि महागाई, नवं बाळ, आजारपण अशा कारणांखेरीज वर्षभर हलवू नये. आणि घरात येणारा पैसाच खालच्या रेघेच्या खाली असेल तर? तर आगूरच्या प्रार्थनेचा दुसरा भाग लागू होतो. दारिद्र्य माणसाला चोरीपर्यंत नेतं हे त्यानं कबूल केलं आहे, त्याला दारिद्र्यात काही थोर दिसत नाही. तिथं समाधानाचा अभ्यास करायचा नसतो, वाढीव मजुरी मागायची असते.

पैशापलीकडचे वैताग असतात: हुकलेली बढती, न जमलेलं लग्न, न झालेलं मूल, अंथरुणाला खिळलेली आई. त्यांना वहीत रेघ आखता येत नाही. त्यासाठी 131वं स्तोत्र आहे, तीनच ओळींचं. त्यात जीव शांत झाला आहे ‘दूध तोडलेल्या मुलासारखा’. हे अंगावर पिणारं बाळ नाही, ते तर दूध मिळालं म्हणून शांत असतं. दूध तोडलेलं मूल आईच्या मांडीवर बसतं, आणि ज्यासाठी रोज तिथं झेपावत होतं ते आता मिळणार नाही हे त्याला कळलेलं असतं. त्याआधी कित्येक रात्री त्यानं घर डोक्यावर घेतलेलं असतं. ते रडणं टाळून कोणी त्या मांडीपर्यंत पोचत नाही; स्तोत्रांच्या पुस्तकात रडगाण्यांचा वाटा इतका मोठा आहे तो याचसाठी. पहिल्याच रात्री ‘देवाची इच्छा’ म्हणून तोंड दाबलं, तर शांत झालेलं मूल हाती लागत नाही, फक्त गप्प झालेलं लागतं.

शेवटी पौल. ‘ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे’, ही फिलिप्पैकरांना लिहिलेली ओळ (4:11) चौकटीत घालून भिंतीवर लावली जाते. त्याच्या दोन ओळी पुढचं ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ परीक्षा आणि सामने जिंकण्यासाठी वापरलं जातं. प्रत्यक्षात ते ‘सर्वकाही’ म्हणजे उपाशी राहणं आणि भरल्या ताटावर बसणं, दोन्ही. पौल हे तुरुंगातून लिहितोय, आणि स्वतःबद्दल लिहितोय. ‘संतुष्ट’साठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका होता: ज्याला कोणाचीच गरज नाही असा स्वयंपूर्ण माणूस. पौलानं शब्द उचलला आणि लगेच बिघडवला. पुढच्याच ओळींत तो म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. कारण हा सगळा मजकूर ज्या निमित्तानं लिहिला गेला ते निमित्त पैशाचं आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती. तो माणूस आजारी पडून मरता मरता वाचला होता. पौलाला मिळालेल्या रकमेची पोच द्यायची होती. 4:18 मध्ये ‘मला सर्व पोचलं’ असं म्हणताना त्यानं घातलेलं क्रियापद त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या पावत्यांवर सापडतं: पूर्ण रक्कम मिळाली. समाधानावरची बायबलमधली सगळ्यात प्रसिद्ध ओळ एका पावतीवर लिहिलेली आहे, आणि ती पावती ज्यांच्या नावे आहे त्यांनी ‘पौल समाधानी आहे, त्याला काय पाठवायचं’ असा विचार केलेला नव्हता.